पानात बसत नाही

आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईची आज्ञा दिली की एक चौकट उघडते. तिच्यात एका ओळीपुढं बरोबरची खूण आधीच केलेली असते: 'पानात बसवा'. ती खूण मी केलेली नसते, गिऱ्हाइकानंही केलेली नसते. कुणीतरी कुठंतरी बसून ठरवून टाकलंय की आकृती केवढीही असो, तिनं पानाएवढं व्हायचं. मी पहिल्यांदा ती खूण काढते. मग कागदाचं माप, मग समास, मग बाकीचं. दुकानात खुर्चीवर बसलेल्या माणसाला वाटतं, ही बाई माऊसवर राग काढतेय. राग आहेच. तो कुठून आला ते सांगते.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं डीटीपीचं दुकान आहे. पुढं दोन कॉम्प्युटर आणि प्रिंटर, मागं आप्पांचं कटिंग मशीन आणि कागदाचे गठ्ठे. आप्पा म्हणजे माझे वडील. लग्नपत्रिका आणि बिलबुकं हा त्यांचा धंदा, आणि पत्रकं हा त्यांचा जीव. पाणीपट्टी वाढली, पत्रक. शाळेजवळ दारूचं दुकान आलं, पत्रक. कामगारांना कामावरून काढलं, पत्रक, आणि तेही फुकट. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, चुकीच्या छापलेल्या पत्रकांच्या पाठीवर शिकले. 'जाहीर निषेध' हे मला लिहिता आलेले पहिले शब्द. आमच्या घरी पोहेसुद्धा पत्रकावर खाल्ले जायचे आणि खाऊन झाल्यावर आप्पा विचारायचे, "वाचलंस का, काय होतं ते?"

त्यांचा एकच नियम होता. पत्रक एका पानाचं. दुसरं पान लागलं की समजायचं, आपल्याला काय पाहिजे ते आपल्यालाच कळलेलं नाही. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा त्यांनी लाल पेन घेऊन निम्म्याहून जास्त मजकूर उडवला. उरली ती 'कडी बसवा' ही मागणी. कडी बसली. तेव्हापासून मी जे काही लिहिते त्यात ते लाल पेन आहे. त्यांच्याच दुकानात, त्यांच्यासमोर त्यांचा नियम मोडायची वेळ माझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं.

आप्पांची थोरली बहीण कुरुंदवाडच्या पुढं नदीकाठच्या एका गावात दिलेली. आमच्याकडं आत्याला आत्ती म्हणतात. आत्तीचे यजमान साखर कारखान्यात नोकरीला, त्यामुळं शेती सगळी आत्तीची. ती वांगी लावते. त्या काठाच्या वांग्यांचं कौतुक मी इथं करत नाही, ज्यांनी खाल्लीत त्यांना माहीत आहे. गावात शेतकऱ्यांची सहकारी पाणी संस्था आहे. नदीवर पंप, तिथून पाईपलाईन, ठरावीक अंतरावर चेंबर, आणि प्रत्येक चेंबरवरून शेतांना पाळीनं पाणी. पाळीप्रमाणं व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात. आत्तीचं शेत पाईपलाईनीच्या शेवटच्या टोकाकडं, गावाच्या भाषेत शेपटीला.

एके दिवशी त्या संस्थेचे सेक्रेटरी आमच्या दुकानात आले. आत्तीनंच पत्ता दिला होता. वाडीचे पेढे घेऊन आले होते, माणूस वाईट नव्हता. जुना पाटकरी निवृत्त झाला होता. कुठला व्हॉल्व्ह कुणाचा, कुणानंतर कुणाची पाळी, हे सगळं त्याच्या डोक्यात. नवा पाटकरी बाहेरगावचा. म्हणून संस्थेनं पाईपलाईनीची आकृती करायची, वार्षिक सभेत मंजूर करायची आणि पंपघराच्या भिंतीवर लावायची असं ठरवलं होतं. नव्या माणसानं ती बघून पाणी सोडायचं.

त्यांनी पेनड्राइव्ह दिला. मी फाईल उघडली. डावीकडं नदी, तिथून पाईप निघून उजवीकडं लांबच लांब गेलेली, फाटे फुटलेली, प्रत्येक फाट्यावर चौकटी आणि चौकटीत नावं. छपाईची आज्ञा दिली. 'पानात बसवा' ही खूण होतीच. प्रिंटरमधून जे बाहेर आलं ते बघून सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला.

"ह्या काय मुंग्या हायत व्हय?"

"आकृती लांबडी आहे काका. एका पानात कोंबली की अक्षरं अशीच होणार. चार-सहा पानांवर काढू, जोडून देते."

"न्हाय न्हाय. सभेच्या प्रोसिडिंग बुकाला एकच पान लागतंय. असं करा, ह्यो शेवटचा फाटा हाय न्हवं, त्यो काढून टाका. हितं एक चौकट करा आनि 'इतर' लिवा. मग बसतंय बघा."

"इतर म्हणजे कोण?"

"शेपटीची खाती हो. थोडीच हायती. तसंबी त्यांच्यापतूर पाणी कधी धड पोचतंय!"

आणि ते हसले. त्यांच्या हसण्यात डाव नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की अडचण कागदाची आहे. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. डाव असता तर भांडता तरी आलं असतं. इथं माणसं पुसली जात होती आणि पुसणारा पेढे पुढं करत होता.

पडद्यावर मी तो फाटा मोठा करून बघितला. शेवटून दुसऱ्या चौकटीत आत्तीचं नाव होतं.

मी माऊसवरून हात काढला. "ही चौकट मी करणार नाही."

"आं?"

"तुमचा पाटकरी नवीन आहे. तो भिंतीवर बघणार आणि पाणी सोडणार. 'इतर'ला पाणी कसं सोडायचं? कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा?"

सेक्रेटरी आप्पांकडं वळले. "पावणं, पोरगी तुमची लई तापट हाय की."

"आमच्यावर गेलीया," आप्पा म्हणाले. त्यांनी पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिला. "आमच्याकडनं हे व्हायचं न्हाय. राग मानू नका. च्या घेऊन जावा."

त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि उठता उठता म्हणाले, "कोल्हापुरात छापणारी काय तुमी एकटीच?" ते खरंच होतं. पुढच्या चौकात जाऊन त्यांना पाहिजे तसं मिळणार होतं.

मी आत्तीला फोन लावला. सगळं सांगितलं. मागं गाय हंबरत होती.

"मी इतर?" ती म्हणाली. "पाईप गाडायला चर खांदत होते तवा नवी नवरी होते मी. डोईवरनं पाट्या वाहिल्या. शेअर माझ्या नावावर हाय. आनि आता मी इतर व्हय गं?"

"आकृतीत नाव नसलं तर काय होईल आत्ती?"

"काय व्हनार? रोज त्या नव्या माणसाच्या मागं हात जोडत फिरायचं. बाबा, सोड. बाबा, माझंबी सोड. त्येच्या मनात आलं तर पाणी. वांग्याला मनातलं पाणी चालत न्हाय, बाई."

सभा येत्या रविवारी गावच्या देवळात होती.

आप्पांनी तोवर लिहायला घेतलं होतं. पत्रक. 'इतर म्हणजे कोण?' असा मथळा, खाली चार ओळी. खरं सांगायचं तर झकास झालं होतं. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि मी म्हणाले, "नको."

"का? काय कमी हाय ह्यात?"

"काहीच कमी नाही. पण आप्पा, पाटकरी पत्रक बघून व्हॉल्व्ह फिरवत नाही."

"वाचून लोक पेटतील की."

"पेटतील, आणि दुपारी जेवून झोपतील. भिंतीवर मात्र त्यांची आकृती राहील. आपल्याला आकृतीच पाहिजे. सगळी. नदीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत. जेवढी होईल तेवढी मोठी."

"एका पानात जे सांगता येत न्हाय..."

"ते खोटं नसतं," मी म्हणाले. "तुमचा नियम मागणीसाठी बरोबर आहे. मागणी लहान करता येते. माणसं नाही करता येत."

"मोठं छापलं म्हंजे खरं व्हतंय व्हय?"

"तसं मी म्हणत नाही. बारीक केलं की कोण गायब होतं, ते आज आपण दोघांनीही बघितलं."

त्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि मागं निघून गेले. आमच्या घरात भांडण झालं की दार आपटत नाहीत, कटिंग मशीनचा दांडा आपटतो. तो आपटला.

सेक्रेटरींची फाईल त्यांची होती, मी ती ठेवून घेतली नव्हती. आकृती मी नव्यानं काढली. आत्ती आणि शेपटीची दोघं-तिघं मंडळी लाईनीवरनं चालत गेली आणि फोनवरनं एकेक चेंबर सांगत गेली. फोनला स्पीकर, आणि ती माणसं शेताच्या ह्या बांधावरनं त्या बांधावर बोलतात तेवढ्याच आवाजात फोनवरही बोलतात. "चिचंजवळचा घेतलास काय? आता डाव्या अंगाला वळ!" मी पडद्यावर वळायची. दुकानात लग्नपत्रिका घ्यायला आलेलं एक कुटुंब मुलाचं लग्न विसरून पाईपलाईन ऐकत बसलं.

मग छपाई. 'पानात बसवा' काढलं. आकाराचं प्रमाण असं ठेवलं की देवळाच्या मंडपात मागं बसलेल्यालाही नाव वाचता यावं. सॉफ्टवेअरनं लगेच सगळ्या आकृतीवर तुटक रेघा मारून दाखवल्या. म्हणजे पान इथं संपणार, इथून दुसरं सुरू. नुसती आडवी रांग नव्हती, वर-खाली तीन रांगा पडल्या. काही रेघा बरोबर माणसांच्या नावांवरून जात होत्या. त्या चौकटी मी थोड्या थोड्या सरकवल्या. आमचा प्रिंटर काळा-पांढरा. जुनी पाईप निळी आणि नवी लाल ठेवली असती तर दोन्ही करडी आली असती, म्हणून नवीला तुटक रेघ दिली. कागदाच्या अगदी कडेपर्यंत प्रिंटर छापत नाही, म्हणून एक सोय असते: प्रत्येक पानावर शेजारच्या पानाचा बोटभर भाग पुन्हा छापायचा. एका कडेचं कापायचं, दुसरीवर चढवून चिकटवायचं, मग रेघेला रेघ मिळते. ती सोयही चालू केली. पानं निघाली. मी त्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खळ शिजवायला आत गेले. मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पत्रकवाल्यांच्या घरात ही पाककृती आईकडून मुलीकडं येते, पुरणपोळीच्याही आधी.

बाहेर आले तर आप्पा कटिंग मशीनपाशी उभे होते, हात झाडत. राग विसरून मदत केली होती त्यांनी. गठ्ठा ठोकून सारखा केला होता आणि चारी बाजूंनी सरळ कापून टाकला होता. जन्मभर प्रत्येक पत्रकाचं त्यांनी तेच केलं. पांढरी कड राहिली की काम अर्धवट दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

"बघ कशी पाटासारखी झालीत," ते म्हणाले.

मी पानं फरशीवर मांडली. एकही रेघ पुढच्या पानाला मिळेना. नदीतून निघालेली पाईप पहिल्याच सांध्याला संपली. बोटभर भाग दोन्हीकडून गेला होता आणि त्याच्याबरोबर चेंबरांचे अर्धे गोल, फाट्यांची टोकं आणि एक आख्खं नाव. आप्पा वाकून बघत राहिले.

"कुणाचं गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"संस्थेच्या चेअरमनांचं."

आकृती बघायला गावाहून निघालेली आत्ती त्याच वेळी दुकानाच्या पायरीवर पोचली होती, हातात वांग्यांची पिशवी. तिनं ते ऐकलं आणि पिशवी खाली ठेवून हसत सुटली. "चेअरमनचंच उडालंय? ऱ्हाऊ दे की मग! बसू दे त्येलाबी इतरात!"

"तम्मा," ती आप्पांना म्हणाली, धाकट्या भावाला ती अशीच हाक मारते, "आयुष्यात पयल्यांदा बरोबर कापलंस बघ."

आम्ही तिघंही हसलो. मग मी पुन्हा कॉम्प्युटरवर बसले. चेअरमनांचं नाव जिथं पाहिजे तिथं, सगळ्यांच्या नावांएवढ्याच अक्षरात आलं पाहिजे होतं. एकाला जरी वगळलं असतं तर मी सेक्रेटरींना जे बोलले ते नुसतं आत्तीच्या भाचीचं बोलणं ठरलं असतं. सगळी पानं परत काढली. या वेळी आप्पांनी कात्री घेतली, प्रत्येक सांध्याची एकच कड कापली, आणि मला तीनदा विचारलं, "हीच न्हवं?" पाठीला आधार म्हणून जुना फ्लेक्स घेतला. आपल्याकडं फ्लेक्सला तोटा नाही. कुठल्या तरी भावी नेत्याच्या वाढदिवसाचा होता. त्याचं हसरं तोंड खाली करून पाठीवर आम्ही गावाची पाईपलाईन चिकटवली.

रविवारी देवळाच्या मंडपात दोन खांबांना सुतळीनं बांधून ती टांगली. सभा सुरू व्हायच्या आधीच माणसं उठून तिच्यापाशी जायला लागली. प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव शोधायचा, मग भावकीतल्याचं, मग दुश्मनाचं. "माझा वॉल वड्याच्या अल्याड हाय, पल्याड न्हाय," एकानं ओरडून सांगितलं. मी पेननं तिथल्या तिथं व्हॉल्व्हची खूण दुरुस्त केली.

सेक्रेटरींनी झेरॉक्स वाटल्या. एक पान, नीटनेटकं, उजव्या कोपऱ्यात 'इतर'.

चेअरमन माझ्याकडं बघून म्हणाले, "सभासद सोडून कुनाला बोलायचा अधिकार न्हाय." आत्ती उठली. ती झेरॉक्स हातात धरून थेट टेबलापाशी गेली.

"साहेब, ह्यात मला दावा."

"इतरात हाय की."

"चष्मा लावा, भिंग लावा. मला दावा."

मंडपात हशा झाला. चेअरमन पण हसले. आत्ती हसली नाही.

"पाईप फुटली की आमास्नी हाळी घालता तवा नाव घेऊन घालता. 'इतर, या हो खड्ड्यात उतरायला', असं कधी म्हनलासा? चिखलात नाव, आनि कागदावर इतर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईचं बराबर हाय." मग आणखी कुणीतरी. चेअरमनांनी हात वर केला. "बरं, बरं. नावं घालू. सगळ्यांची घालू. पर एका पानावर. ताई, तुमीच द्या करून, ठराव आत्ता मंजूर."

माणसं माना डोलवायला लागली. ती जागा निसरडी होती. नावं मिळत होती, फक्त वाचता येणार नव्हती. आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मला बोलायची मनाई होती, म्हणून मी बसल्या जागेवरून नुसती मान हलवली. नाही.

"न्हाय," आत्ती म्हणाली. "कागद कुणासाठी हाय? त्या पाटकऱ्यासाठी न्हवं? त्येलाच इचारा."

नवा पाटकरी खांबाला टेकून उभा होता. सगळे वळले तसा तो कावराबावरा झाला. "मला काय," तो म्हणाला, "पंपघरात एकच बल्ब हाय. ह्या कागदावरचं दिसायचं न्हाय. त्ये वरलं दिसतंय."

सेक्रेटरी उठले. त्यांनी जे विचारलं ते योग्यच होतं. "जोडलेली पानं हायत. उद्या कुनीतर मधलं एक काढील, दुसरं चिकटवील. कुनाचं नाव जाईल, कुनाचं दोनदा यील. मी जबाबदार न्हाय."

सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी खूण नसते. उत्तर एका म्हाताऱ्या सभासदानं बसल्या बसल्या दिलं. "वाटणीच्या कागदाला करतोय तसं करा की. सांध्यावर सह्या. निम्मी ह्या पानावर, निम्मी त्या. कोन काढतोय बघू."

सुतळी सोडली. आकृती मंडपात फरशीवर पसरली. चेअरमनांनी गुडघ्यावर बसून एकेका सांध्यावर सही केली, मग सेक्रेटरींनी केली. चेअरमन उठणार तेवढ्यात आत्ती म्हणाली, "पेन ठेवा हितं. आमीबी करनार." शेपटीची सगळी माणसं खाली बसली. ज्यांना सही येते त्यांनी सही, ज्यांना येत नाही त्यांनी अंगठा. आत्तीनं स्वतःचं पूर्ण नाव, माहेरचं धरून, इतकं मोठं लिहिलं की ते दोन पानांत मावेना आणि तिसऱ्यावर गेलं. कुणीही तिला आवर म्हणालं नाही. प्रोसिडिंगला तीच आकृती लहान न करता, घड्या घालून जोडायची असं ठरलं. आप्पा खांबापाशी उभे होते. खिशातलं पत्रक त्यांनी काढलं नाही.

ठराव झाला म्हणजे पाणी आलं असं नसतं, हे आत्ती माझ्यापेक्षा चांगलं ओळखते. शेपटीची पाळी ज्या दिवशी पहिल्यांदा आकृतीप्रमाणं लागली, त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"सोडलं त्यानं," ती म्हणाली. "न सांगता, वेळेवर सोडलं. वॉल बरोबर फिरवला."

"मग आलं पाणी?"

"आलंय. करंगळीएवढं हाय." मागं पाण्याचा आवाज येत होता, बारीक. "मधी कुठंतर वाटंतच जिरतंय, न्हाईतर वरची जास्त वडून घेत्यात. ते आता काढायचं शोधून. आमी बारडी घेऊन निघालोय. एकेका चेंबरवर बारडी भरायला किती येळ लागतोय ते मोजनार."

"वरच्यांच्या चेंबरवर पण?"

"चेअरमनच्याबी," आत्ती म्हणाली. "तू मशीन चालू कर. सांगते तसं आकृतीत घाल."